वाढविणें आणि त्याचें इंग्रजी गणगोत

मराठी भाषेंतील कांहीं क्रियापदें एकत्र कुटुंबांतील थोरल्या सुनेसारखीं असतात. घरांत कोणतेंही काम निघालें कीं पहिली हांक तिलाच. ‘वाढणें’ आणि ‘वाढविणें’ या जोडीची स्थिति अशीच आहे. मूल वाढतें, कर्ज वाढतें, ताप वाढतो, घरमालक भाडें वाढवितो, सभेंत गोंधळ वाढतो, आणि पंक्तींत भातही वाढतात. इतकेंच नव्हे, तर ज्या ठिकाणीं अमंगळ शब्द तोंडांतून निघूं नये असें आपल्या वडीलधाऱ्यांना वाटलें, त्या ठिकाणींही त्यांनीं याच क्रियापदाला उभें केलें. नारळ फोडला न म्हणतां तो वाढविला म्हणावयाचें. बांगडी फुटली न म्हणतां ती वाढवली म्हणावयाचें. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर मंगळसूत्र वाढलें म्हणावयाचें. उत्तरेकडील दुकानदार रात्रीं दुकान बंद करतांना तें ‘बढाविलें’ म्हणतो, त्याच्या मुळाशींही हीच भावना आहे. जें संपलें त्याला ‘वाढलें’ म्हणून नाशावरही मंगलाक्षता टाकण्याची ही रीत मोठी हृद्य आहे, यांत शंका नाहीं.

परंतु हीच सून इंग्रजीच्या वाड्यांत पाऊल टाकते तेव्हां तिला निराळाच कारभार दिसतो. तेथें प्रत्येक कामाला स्वतंत्र माणूस नेमलेला आहे, आणि एकाचें काम दुसऱ्यानें केलेलें घरच्या लोकांना खपत नाहीं. आमच्या वर्गांतील एका चुणचुणीत मुलानें ‘बाबांनीं गणपतीपुढें नारळ वाढविला’ या वाक्याचें भाषांतर करतांना ‘इन्क्रीज’ हें क्रियापद योजलें, तेव्हां सारा वर्ग हंसला. पण त्या मुलाला हंसण्यांत अर्थ नव्हता. ‘वाढविणें म्हणजे इन्क्रीज’ एवढेंच त्याला शिकविलें गेलें होतें, आणि त्यानें तो नियम प्रामाणिकपणें पाळला होता.

नारळाच्या बाबतींत हंसून सोडून देतां येतें. सर्वत्र तसें होत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांना आजारपणांत रजा वाढवून हवी होती. प्रवासाच्या दगदगीनें दुखणें अधिक बळावलें, असें त्यांना अर्जांत लिहावयाचें होतें. त्या ठिकाणीं ‘अ‍ॅग्रव्हेट’ हें क्रियापद हवें होतें. त्यांच्या लेखणींतून ‘एक्झॅजरेट’ उतरलें. दोन्ही शब्द लांबलचक, दोन्ही लॅटिन घराण्यांतले, आणि दोहोंच्या अर्थांत ‘वाढविणें’ आहेच. पण पहिल्याचा अर्थ दुखणें वाढलें असा होतो, आणि दुसऱ्याचा अर्थ दुखणें वाढवून सांगितलें असा होतो. म्हणजे अर्जदारानें आपल्याच सहीनिशीं आपला आजार खोटा फुगविलेला असल्याची कबुली लिहून दिली! कचेरींतल्या साहेबांनीं त्या शब्दाखालीं तांबडी रेघ ओढून अर्ज परत पाठविला, आणि दुसरा अर्ज मंजूर होईपर्यंत त्या गरीब माणसाचा बारा दिवसांचा पगार अडकला. घरीं पथ्यपाण्याचा आणि औषधांचा खर्च चालूच होता. एका क्रियापदाची ही किंमत आहे.

असें कां होतें? आमच्या मतें याचें कारण समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करविण्याच्या पद्धतींत आहे. मुलगा एका दमांत सात शब्द म्हणून दाखवितो, आणि आईबापांना वाटतें कीं मुलगा इंग्रजींत तयार झाला. वस्तुतः समानार्थी शब्द सख्ख्या भावांसारखे असतात. नाकीडोळीं सारखे, पण एकाचा व्यवहार दुसऱ्याच्या हातीं सोंपविला तर पस्तावण्याची पाळी येते. पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरानें १८५२ सालीं जो प्रसिद्ध शब्दसंग्रह छापला, त्यांत शब्द अक्षरानुक्रमानें न लावतां अर्थावरून एक हजार वर्गांत लावलेले आहेत. त्यांत ‘इन्क्रीज’चा वर्ग ३५वा, तो परिमाणाच्या प्रकरणांत आहे. ‘एक्स्पान्शन’ म्हणजे प्रसरण, त्याचा वर्ग १९४वा, तो अवकाशाच्या प्रकरणांत आहे. आणि ‘एक्झॅजरेशन’चा वर्ग तर थेट ५४९वा, तो असत्य आणि फसवणूक यांच्या शेजारीं बसविलेला आहे! आपण ज्यांना एका यादींत बसवितों, त्यांना रॉजेनें तीन निरनिराळ्या पेठांत घरें दिलीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

म्हणून कोणतेंही क्रियापद योजण्यापूर्वीं स्वतःला चार प्रश्न विचारावे. जी गोष्ट वाढली ती मोजण्यांत वाढली काय? तिनें व्यापलेली जागा वाढली काय? तिचें मोल किंवा तीव्रता वाढली काय? कीं गोष्ट होती तेवढीच राहून केवळ दिसण्यांत अथवा सांगण्यांत मोठी झाली? या चार प्रश्नांनीं बहुतेक कोडें सुटतें.

गृहिणींना ही गोष्ट आमच्यापेक्षां लवकर कळेल. आयत्या वेळीं चार पाहुणे आले म्हणजे आमटींत पाणी घालून ती वाढवितात. येथें परिमाण वाढलें, इंग्रजींत ‘इन्क्रीज’. पाण्यानें आमटी वाढली खरी, पण चव उतरली. म्हणून मग मीठ, चिंच, गूळ आणि गोडा मसाला पुन्हां बेतानें घालून चव वाढवितात. येथें आमटी तेवढीच आहे, गुण वाढला, इंग्रजींत ‘एन्हान्स’. खालचा जाळ वाढविला तर ‘रेझ’. आणि शेवटीं ती आमटी पानांत वाढली तर ‘सर्व्ह’. एका पातेल्याभोंवतीं चार क्रियापदें उभीं राहिलीं, आणि त्यांतलें एकही दुसऱ्याच्या जागीं चालत नाहीं.

आतां एकेका गटाकडे वळूं. परिमाणाच्या गटांत ‘इन्क्रीज’ हा मुख्य. त्याच्या पोटांत लॅटिन भाषेंतील ‘क्रेस्केरे’ म्हणजे वाढणें हें क्रियापद आहे. चंद्रकोरीला इंग्रजींत ‘क्रेसेंट’ म्हणतात तोही शब्द त्याचाच सख्खा. मुळांत त्याचा अर्थ ‘वाढत जाणारा’, म्हणजे आपल्या शुक्लपक्षांतील चंद्र. पगार, लोकसंख्या, भाव, वेग, संख्येनें मोजतां येईल असें जें जें, त्याला ‘इन्क्रीज’ चालतो. त्याचा थोरला आणि अधिक भारदस्त भाऊ ‘ऑग्मेंट’. याच्या मुळाशीं ‘औगेरे’ हें लॅटिन क्रियापद असून आपला ‘ओजस्’ हा शब्द त्याच कुळांतला असल्याचें भाषाशास्त्रज्ञ मानतात. लिलांवाला इंग्रजींत ‘ऑक्शन’ म्हणतात, कारण त्यांत बोली चढत जाते; तोही याच मुळापासून निघाला. ‘ऑग्मेंट’ म्हणजे आधीं असलेल्या पुरेशा वस्तूंत बाहेरून भर घालणें. मास्तरांनीं शिकवण्या करून पगाराला जोड दिली, तर मिळकत ‘ऑग्मेंट’ झाली.

संस्कृत शिकलेल्या वाचकांना या शब्दाची एक खूण सांगतों. ‘अगच्छत्’, ‘अभवत्’ या भूतकाळच्या रूपांत धातूच्या आधीं जो ‘अ’ येतो, त्याला पाणिनि ‘अट्’ आगम म्हणतो. पाश्चात्त्य वैयाकरणांनीं त्याच ‘अ’ला ‘ऑग्मेंट’ हें नांव दिलें. आगम आणि आदेश यांतील भेद आपल्या वैयाकरणांनीं मोठ्या मार्मिकपणें सांगितला आहे. आदेश शत्रूसारखा येऊन दुसऱ्याची जागा बळकावतो. आगम मित्रासारखा येऊन शेजारीं बसतो. ‘ऑग्मेंट’चा अर्थ मनांत ठसविण्यास याहून चांगलें साधन आम्हांस ठाऊक नाहीं. मूळ धातूला धक्का न लावतां जी भर पडते, ती ‘ऑग्मेंट’.

‘मल्टिप्लाय’ म्हणजे गुणाकारानें वाढविणें. त्या शब्दाच्या पोटीं घडी घालण्याची कल्पना आहे, आणि आपल्या ‘गुण’ शब्दाचा मूळ अर्थ दोरीचा पदर असा आहे. एक पदर, दोन पदर, तीन पदर, यावरूनच द्विगुण आणि त्रिगुण. दोन दूरदूरच्या समाजांना मोजणी शिकतांना एकाला घडी आठवली, दुसऱ्याला दोरी आठवली. दोघांचीही नजर घरांतल्याच वस्तूवर गेली.

याच गटांत एक धोक्याची जागा आहे. ‘इन्क्रीज’पुढें ‘बाय’ आलें तर वाढ तेवढ्यानें झाली, आणि ‘टू’ आलें तर वाढून तेवढ्यावर पोंचली. पंधरा हजारांचें निवृत्तिवेतन दोन हजारांनीं वाढलें तर सतरा हजार होतें. तेथें चुकून ‘टू’ लिहिलें तर पंधरा हजारांचें वेतन ‘वाढून’ दोन हजारांवर आलें असा चमत्कार होतो. शेकड्याचीही तीच गोष्ट. शंभर टक्के वाढ म्हणजे दुप्पट, आणि दोनशें टक्के वाढ म्हणजे तिप्पट. कारण मूळची रक्कम धरून वाढ मोजावयाची असते. ठेवीच्या आणि कर्जाच्या जाहिराती वाचतांना घरांतील सुशिक्षित मंडळीही येथें फसतात, म्हणून हा मुद्दा मुलांकडून कागदावर आंकडेमोड करून घटवून घ्यावा.

अवकाशाच्या गटांत ‘एक्स्पांड’, ‘एक्स्टेंड’ आणि ‘एन्लार्ज’ हे तिघे. ‘एक्स्पांड’ म्हणजे चोहोंकडे पसरणें. १३ मीटर लांबीचा पोलादी रूळ ४० अंश सेल्सिअसनें अधिक तापला तर सुमारें ६ मिलिमीटर लांबतो. त्यांत पोलाद मासाभरही वाढलेलें नसतें. वजन पहिल्याइतकेंच असतें. वाढली ती फक्त त्यानें व्यापलेली जागा. म्हणून येथें ‘इन्क्रीज’ न म्हणतां ‘एक्स्पांड’ म्हणतात. जुन्या धर्तीच्या लोहमार्गांत दोन रुळांच्या सांध्यांत फट ठेवीत, ती या प्रसरणासाठींच. आगगाडीचा परिचित खडखडाट त्या फटींतूनच निघे.

‘एक्स्टेंड’ म्हणजे एका दिशेनें ताणून लांबविणें. त्याच्या मुळांतील ‘तेन्देरे’ आणि आपला ‘तन्’ धातु हे एकाच वंशाचे; ‘तनोति’, ‘तंतु’, ‘तान’ हे त्याच घरचे. रजेचा काल लांबवावयाचा असेल तर ‘एक्स्टेंड’ हवें. रजा ‘इन्क्रीज’ करा असें लिहिलें तर वर्षांत मिळणाऱ्या एकंदर रजेची संख्याच वाढवा, असा त्याचा अर्थ होण्याचा संभव असतो, आणि तो अधिकार बहुधा अर्ज वाचणाऱ्याच्या हातीं नसतो.

‘एन्लार्ज’ची कथा गमतीची आहे. छायाचित्र मोठें करणें, खोली मोठी करणें, हे त्याचे नेहमींचे अर्थ. पण आपल्या देशांतील न्यायालयांच्या हुकमांत आरोपीला जामिनावर ‘एन्लार्ज’ करावें असें वाक्य आजही येतें. आरोपीचा देह मोठा करावयाचा नसतो. त्याला मोकळें सोडावयाचें असतें. ‘लार्ज’ हा शब्द लॅटिनमधील ‘लार्गुस’ म्हणजे विपुल, उदार यावरून आला, आणि पुढें त्याला मोकळेपणाचा अर्थ लाभला. फरार मनुष्य ‘अ‍ॅट लार्ज’ आहे असें वर्तमानपत्रें लिहितात तेंही यामुळेंच. कोठडीच्या चार भिंतींतून बाहेर पडणाऱ्याला सारें जग एकाएकीं मोठें होतें, हें ज्यानें अनुभविलें असेल त्याला हा अर्थ कोशावांचून समजेल.

तिसरा गट मोल आणि तीव्रता यांचा. त्यांत ‘एन्हान्स’ला अग्रपूजेचा मान आहे. लॅटिन ‘आल्तुस’ म्हणजे उंच. त्यावरून फ्रेंचांच्या तोंडीं घडत घडत हा शब्द इंग्रजींत आला, आणि ‘उंच करणें’ हा त्याचा मूळ अर्थ. आज रूप, चव, प्रतिष्ठा अशा चांगल्या गोष्टींना तो अधिक शोभतो. पण कायद्याच्या दालनांत त्याला दोन तोंडें आहेत. सरकारनें ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या शेतकऱ्यांनीं १८९४च्या भूसंपादन कायद्याखालीं वर्षानुवर्षें ज्याच्यासाठीं दावे चालविले, तो वाढीव मोबदला म्हणजे ‘एन्हान्स्ड’ मोबदला. तो कायदा जाऊन त्याच्या जागीं २०१३चा कायदा आला, तरी शब्द टिकून राहिला. उलट फौजदारी न्यायांत वरिष्ठ न्यायालय खालच्या न्यायालयानें दिलेली शिक्षा वाढवितें, तेंही ‘एन्हान्स’च, मात्र तसें करण्यापूर्वीं आरोपीला आपलें म्हणणें मांडण्याची संधि दिली पाहिजे असा दंडक आहे. एकाच क्रियापदानें एका घरांत साखर वांटली जाते आणि दुसऱ्या घरांत चूल पेटत नाहीं. म्हणून शब्द चांगला कीं वाईट, हें त्याच्या पुढील कर्म पाहिल्यावांचून ठरवूं नये.

याच गटांत ‘अ‍ॅग्रव्हेट’ येतो. ‘ग्राव्हिस’ म्हणजे जड. आपला ‘गुरु’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. आधींच असलेलें ओझें अधिक जड करणें, हा त्याचा खरा अर्थ. म्हणून तो दुखण्याला, अपराधाला, भांडणाला लावावा. बोलण्यांत पुष्कळ इंग्रज तो ‘चिडविणें’ या अर्थीं वापरतात. त्याबद्दल फाउलर या प्रसिद्ध भाषाशोधकानें १९२६च्या आपल्या ग्रंथांत नापसंती दर्शविली होती. परंतु लोकांनीं फाउलरचें ऐकलें नाहीं, आणि आतां तो अर्थही कोशांत रूढ झाला आहे.

चौथा गट दिसण्याचा आणि सांगण्याचा. ‘मॅग्निफाय’मध्यें लॅटिन ‘माग्नुस’ आहे, तो आपल्या ‘महत्’चा नातलग. भिंगाखालीं धरलेलें अक्षर ‘मॅग्निफाय’ होतें, म्हणजे मोठें दिसतें. भिंग उचललें कीं अक्षर होतें तेवढेंच. ‘अ‍ॅम्प्लिफाय’चा आज नेहमींचा संबंध आवाजाशीं. ध्वनिवर्धकानें बारीक आवाज मोठा होतो, पण बोलणाऱ्याचा मुद्दा त्यामुळें मोठा होत नाहीं, ही गोष्ट गणेशोत्सवांत प्रत्येक आळीला दरवर्षीं प्रत्ययास येते. ‘इन्फ्लेट’ म्हणजे वारा भरून फुगविणें. फुग्यापासून चलनफुगवट्यापर्यंत त्याचा संचार आहे. शंभराची नोट शंभराचीच राहते, पण तिच्या मोबदल्यांत पिशवींत पडणारी भाजी कमी होते. आंकडा फुगला आणि आंतला ऐवज ओसरला. ‘अ‍ॅग्रँडाइझ’ म्हणजे सत्तेनें अथवा मानानें थोर करणें. परंतु हल्लीं तो बहुधा स्वतःचा मोठेपणा स्वतःच वाढविणाऱ्यांस लावतात. आणि ‘एक्झॅजरेट’ म्हणजे ढीग रचणें. ‘आग्गेर’ म्हणजे ढिगारा किंवा मातीचा बांध. आपण राईचा पर्वत म्हणतों, तेथें रोमन मनुष्य मातीचा ढिगारा म्हणे.

अर्थाइतकीच रूपाची बाजूही पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे ‘वाढणें’ हें अकर्मक आणि ‘वाढविणें’ हें प्रयोजक. संस्कृतांत ‘वर्धते’ आणि ‘वर्धयति’. ‘इन्क्रीज’ एकाच रूपानें दोन्ही कामें करतो, म्हणून मुलें गोंधळतात. पण इंग्रजीच्या जुन्या, अस्सल जर्मानिक शब्दांत प्रयोजकाच्या खुणा अजून शिल्लक आहेत. ‘सिट’ म्हणजे बसणें आणि ‘सेट’ म्हणजे बसविणें. ही जोडी आपल्या ‘सीदति’ आणि ‘सादयति’ या जोडीची सख्खी बहीण. ‘राइझ’ म्हणजे वर येणें आणि ‘रेझ’ म्हणजे वर आणणें, ही जोडीही त्याच घडणीची. भाव स्वतः चढतात तेव्हां ‘राइझ’. दुकानदार चढवितो तेव्हां ‘रेझ’. कोणी चढविले हें लपवावयाचें असलें म्हणजे व्यापारी नेहमीं ‘राइझ’ म्हणतो, हेंही चतुर वाचकांच्या ध्यानांत आलें असेल.

विशेषणाला ‘एन’ जोडून क्रियापद करण्याची रीत सोपी आहे. ‘वाइड’चें ‘वाइडन’, ‘डीप’चें ‘डीपन’. पण ‘लाँग’चें ‘लाँगन’ होत नाहीं, ‘लेंग्थ’ या नामावरून ‘लेंग्दन’ होतें. ‘स्ट्राँग’चें तसेंच ‘स्ट्रेंग्दन’. ‘लार्ज’ला तर हें शेंपूट न लावतां पुढें ‘एन’ लावून ‘एन्लार्ज’ करतात. आणि ‘बिग’ या अगदीं घरगुती विशेषणाला रूढ क्रियापदच नव्हतें. १९९६ सालीं अमेरिकेंतील ‘सिम्पसन्स’ या विनोदी चित्रमालिकेंत ‘एम्बिगन’ असें एक थट्टेचें क्रियापद वापरलें गेलें. तें लोकांच्या जिभेवर इतकें खेळलें कीं २०१८ सालीं मेरियम-वेब्स्टर कोशानें त्याला आंत घेतलें. थट्टेनें आलेला पाहुणा असा घरचा झाला.

‘मॅग्निफाय’, ‘अ‍ॅम्प्लिफाय’ यांतील ‘फाय’ आणि आपला च्वि प्रत्यय यांचें अर्थतः साम्य आहे. जें पूर्वीं तसें नव्हतें तें तसें करणें, हा च्विचा अर्थ. ‘दृढीकरण’, ‘शुद्धीकरण’ हीं त्याचीं उदाहरणें. त्याच्याच धर्तीवर नगरपालिकांनीं रस्त्याचें ‘रुंदीकरण’ केलें, तें क्षम्य आहे. परंतु ‘विस्तारीकरण’ हा शब्द कानाला बोंचतो. विस्तार म्हणजेच पसरविण्याची क्रिया. तिला पुन्हां ‘करण’ जोडून काय विस्तारलें? फक्त शब्द विस्तारला.

अलीकडचे दोन शब्द सांगून हें प्रकरण आटोपतों. सरकत्या जिन्याला ‘एस्कलेटर’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं हें अमेरिकेंतील एका मालाचें व्यापारी नांव होतें. १९५० सालीं तें सर्वसामान्य शब्द म्हणून मोकळें झालें. त्या जिन्यावरून ‘एस्कलेट’ हें क्रियापद पडलें, आणि व्हिएतनामच्या युद्धकाळांत तें वर्तमानपत्रांत सर्वत्र झालें. पायरीवर एकदां पाऊल ठेवलें कीं मनुष्य न चालतांही वर वर जातो; युद्ध आणि भावाभावांतील वाटणीचें भांडण, दोन्हींचें वर्णन या शब्दानें नेमकें होतें. दुसरा शब्द ‘बूस्ट’, म्हणजे खालून टेंकू देऊन वर ढकलणें. कोरोनाच्या सांथींत ‘बूस्टर’ हा शब्द आजीबाईंच्या तोंडींही बसला. परंतु १० जानेवारी २०२२ पासून आपल्या सरकारनें जी तिसरी मात्रा देण्यास प्रारंभ केला, तिला अधिकृतपणें ‘बूस्टर’ न म्हणतां ‘प्रिकॉशन’ म्हणजे खबरदारीची मात्रा म्हटलें. वाढीच्या शब्दाऐवजीं सावधगिरीचा शब्द निवडला गेला. औषध तेंच, पण शब्दानें भर शक्तीवरून काळजीवर नेला.

हें सर्व मुलांना शिकवावें कसें, असा प्रश्न घराघरांतून येईल. आमचा उपाय बिनखर्चाचा आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील एकानें ‘वाढविणें’ असलेलें एक मराठी वाक्य सांगावें, आणि मुलांनीं आधीं इंग्रजी शब्द न सांगतां काय वाढलें तें मराठींतच सांगावें. परिमाण, जागा, मोल, कीं नुसतें सांगणें? हें ठरल्यावर इंग्रजी क्रियापद आपोआप जवळ येतें. आजोबांनीं संस्कृत धातु सांगावा, आईनें स्वयंपाकघरांतलें उदाहरण द्यावें, नोकरी करणाऱ्या काका-आत्यांनीं कचेरींतलें द्यावें. एकत्र कुटुंबाला जो लाभ फुकट मिळतो तो हाच, कीं एका शब्दाला चार वयांचीं माणसें चार बाजूंनीं पाहूं शकतात. महिन्याभरांत मुलाच्या याद्या सुटतील आणि विचार लागेल.

आणि या विचाराचा उपयोग इंग्रजीपुरताच राहत नाहीं. मुलाला पडलेले गुण वाढले कीं फुगविले गेले, शेजाऱ्याची कीर्ति वाढली कीं वाढवून सांगितली, मुलीच्या स्थळाबद्दल ऐकलेली माहिती भिंगाखालची आहे कीं खरीखुरी, हें पारखण्याची संवय ज्या घरांत आहे, त्या घराची फसगत सहसा होत नाहीं. ज्या शिक्षकांच्या अर्जाची हकीकत वर दिली, त्यांचें दुखणें खरें होतें. खोटें बोलणारा शब्द त्यांना नकळत भेटला, आणि खऱ्या माणसावर खोटेपणाचा डाग पडला. आपल्या मुलाबाळांवर तसा प्रसंग येऊं नये, एवढाच या लेखाचा हेतु.

पाणिनीनें आपल्या व्याकरणाचा पहिलाच शब्द ‘वृद्धि’ हा ठेवला. ग्रंथाच्या आरंभीं मंगल असावें म्हणून तसें केलें, असें पतंजलि सांगतो. पण त्याच सूत्रांत वृद्धि म्हणजे काय हेंही पाणिनि बांधून टाकतो: आ, ऐ आणि औ, तीनच वर्ण, चौथा नाहीं. मंगल म्हणून वृद्धीचें नांव घ्यावें आणि लगेच तिचें माप सांगावें, ही शिस्त आपल्या शास्त्रकारांची आहे. ती अर्जांत, पत्रांत आणि रोजच्या बोलण्यांत आपण उतरविली, तर मराठी लिहितांना काय, इंग्रजी लिहितांना काय, आपली लेखणी अडणार नाहीं.